माढा लोकसभा : दोन जिल्हे, तीन नद्या आणि सहाचं गणित

भीमाकाठ

आमचं गाव पंढरपूर तालुक्यात आहे. सातबारा पंढरपूरच्या तहसिलीतून निघतो, आठवड्याचा बाजार पंढरपूरचा, दवाखाना पंढरपूरचा, पोरं शिकायला पंढरपूरला. पण विधानसभेला आम्ही माढ्याचा आमदार निवडतो आणि लोकसभेला माढ्याचा खासदार. थोरली बहीण दिलीय पंढरपूर शहरात, आमच्यापासून अर्ध्या तासावर. ७ मे २०२४ ला दोघांनीही एकाच दिवशी मत दिलं. तिच्या यंत्रावर सोलापूर लोकसभेचे उमेदवार होते, माझ्या यंत्रावर माढ्याचे.

आमच्यासारखी बेचाळीस गावं आहेत. आमच्या भागात नुसतं 'बेचाळीस गावं' म्हटलं की कळतं. पंढरपूर तालुक्यात असून माढा विधानसभेला जोडलेली ती हीच. माळशिरस तालुक्यातली चौदा गावंही माढा विधानसभेत आहेत. उलट खुद्द माढा तालुक्यातली छत्तीस गावं करमाळ्याला जोडलीत. पंढरपूर तालुक्याची वाटणी तर चार विधानसभा मतदारसंघांत झालीय : पंढरपूर-मंगळवेढा, माढा, सांगोला आणि मोहोळ.

हे असं का झालं, असं वडिलांना विचारलं की ते म्हणायचे, "पुढाऱ्यांनी कापलं." बरीच वर्षं मीही तेच धरून चाललो होतो. गेल्या महिन्यात परिसीमनाचा, म्हणजे मतदारसंघांच्या हद्दी नव्याने आखण्याचा आदेश आणि जिल्ह्यांच्या याद्या समोर घेऊन बसलो, कागदावर बेरजा केल्या, तेव्हा वेगळंच काही दिसलं. तेच इथे मांडतो.

महाराष्ट्रात विधानसभेच्या जागा २८८ आणि लोकसभेच्या ४८. भागाकार केला की सहा. आपल्याकडे प्रत्येक लोकसभा मतदारसंघात बरोबर सहा विधानसभा मतदारसंघ येतात, पाच नाहीत की सात नाहीत. पण जिल्ह्याला किती जागा मिळाव्यात ते ठरतं लोकसंख्येवर, आणि लोकसंख्येला सहाचा पाढा येत नाही. २००८ च्या फेररचनेत सोलापूर जिल्ह्याच्या वाट्याला अकरा विधानसभा आल्या आणि साताऱ्याच्या वाट्याला आठ.

सोलापूर लोकसभेत सहा गेल्या : मोहोळ, सोलापूर शहर उत्तर, शहर मध्य, दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, पंढरपूर. मागे पाच उरल्या. पलीकडे उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात विधानसभा चारच : उमरगा, तुळजापूर, उस्मानाबाद, परंडा. सहा भरायला तिथे दोन कमी पडत होत्या. एक लातूरकडून औसा आली, दुसरी आपल्याकडून बार्शी गेली. सोलापुरात उरल्या चार : करमाळा, माढा, सांगोला, माळशिरस. साताऱ्यात सहा लोकसभेत बसल्या आणि दोन उरल्या : फलटण आणि माण. चार आणि दोन सहा. हा झाला माढा लोकसभा मतदारसंघ, क्रमांक ४३.

म्हणजे दोन जिल्ह्यांच्या उरलेल्या तुकड्यांतून आमचा मतदारसंघ शिवला गेला. राग येण्यासारखी गोष्ट आहे हे खरं, पण हे गणित कळल्यापासून राग कुणावर धरावा हेच कळेना. तुमच्या भागातलं काय ते सांगा. विशेषतः २००८ आधी कोणतं गाव कुठे होतं, हे जुन्या माणसांनी लिहावं.

---

कुर्डुवाडी_जंक्शन

छत्तीस गावांतला माणूस हजर आहे. कुर्डुवाडी हे माढा तालुक्यातलं रेल्वे जंक्शनचं गाव, आणि ते करमाळा विधानसभेत. आमची तहसील माढ्याला, आमदार करमाळ्याचा. लोकसभेला फरक पडत नाही, कारण करमाळा आणि माढा दोन्ही याच लोकसभेत येतात. पण आमदाराच्या निवडणुकीत पडतो, आणि चांगलाच पडतो. करमाळ्याची निवडणूक आली की पहिला प्रश्न हाच असतो, छत्तीस गावं कुणाकडे? संजयमामा शिंदे माढा तालुक्यातले. २०१९ च्या मे महिन्यात ते माढा लोकसभेला हरले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये करमाळ्यातून अपक्ष आमदार झाले. कागदावर मारलेली एक रेघ माणसाला दुसऱ्या तालुक्याचा आमदार करू शकते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

---

माणदेशी

धाग्याबद्दल आभार. आमची बाजू मांडतो.

दहिवडीहून सोलापूर किती लांब आहे याचा विचार कुणी केला असेल असं वाटत नाही. आमचं जिल्ह्याचं ठिकाण सातारा. कलेक्टर साताऱ्याचा, जिल्हा परिषद साताऱ्याची, पालकमंत्री साताऱ्याचे. खासदार मात्र असा, की त्याच्या मतमोजणीची बातमी सोलापुरातून येते. खासदारांनी एखाद्या कामाचा पाठपुरावा करायचा म्हटलं तर त्यांना दोन कलेक्टर कचेऱ्या, दोन नियोजन समित्या आणि दोन पोलीस अधीक्षक यांच्याशी बोलावं लागतं. गेल्या दुष्काळात आमच्या वस्तीवर टँकर यायला उशीर झाला. तक्रार घेऊन गेलो तर एका कार्यालयातून दुसऱ्याकडे धाडलं, दुसऱ्यातून तिसऱ्याकडे. त्या चकरांत आठवडा गेला.

---

भीमाकाठ

माणदेशी, टँकरचं वाचून वाईट वाटलं. पण 'तुकड्यांतून शिवलेला' असं मी लिहिलं त्याला एक दुसरी बाजूही आहे आणि ती तुमच्याच नदीत आहे. माणगंगा तुमच्या तालुक्यात उगवते, दहिवडी-म्हसवडवरून आटपाडीत जाते, मग सांगोला, मंगळवेढा करत सरकोलीजवळ भीमेला मिळते. सांगोल्याचा माणूस स्वतःला माणदेशीच म्हणवतो. हा मुलूख जिल्ह्यांच्या आधीपासून एक आहे.

---

जुना_शिक्षक

भीमाकाठ यांनी जुन्या माणसांना बोलावलं म्हणून लिहितो. चाळीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं, त्यामुळे थोडं लांबेल.

माढा लोकसभेच्या आधी या पट्ट्यातलं मोठं नाव पंढरपूर लोकसभा मतदारसंघ. पण सुरुवात त्याही आधीपासून करू. १९५२ ची पहिली निवडणूक. तेव्हा सोलापूर द्विसदस्यीय मतदारसंघ होता. एकाच मतदारसंघातून दोन खासदार, त्यातली एक जागा अनुसूचित जातींसाठी राखीव. त्या वेळी शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे पां. ना. राजभोज असे दोघे निवडून आले. काँग्रेसच्या त्या लाटेत सोलापूरने दोन्ही जागा विरोधकांना दिल्या, हे आजच्या पोरांना सांगितलं तर आश्चर्य वाटतं. १९६१ च्या कायद्याने द्विसदस्यीय पद्धत बंद झाली. १९६२ पासून पंढरपूर हा स्वतंत्र मतदारसंघ दिसतो.

पंढरपूर दीर्घकाळ अनुसूचित जातींसाठी राखीव होता. संदिपान थोरात तिथून १९७७ ते १९९८ या काळात सात वेळा निवडून गेले. १९७७ ला काँग्रेसचं देशभर पानिपत झालं, तेव्हाही पंढरपूरने त्यांना दिल्लीला पाठवलं. १९९९ आणि २००४ ला रामदास आठवले. २००८ मध्ये हा मतदारसंघच पुसला गेला. राखीव जागा सोलापूरकडे गेली, पंढरपूर शहरही सोलापूर लोकसभेत गेलं. आठवले २००९ ला शिर्डीहून उभे राहिले, ती जागा नव्याने राखीव झाली होती, आणि तिथे ते पडले.

ज्या गावी आषाढीला सारा महाराष्ट्र लोटतो, त्या गावाचं नाव लोकसभेच्या यादीतून गेलं याचं मला अजून वाईट वाटतं. माढ्याविषयी मनात काही नाही. पण देशाच्या संसदेत 'पंढरपूरचे सदस्य' असा पुकारा व्हायचा, तो बंद झाला.

---

सांख्यिकी

गुरुजी, फार मोलाची माहिती दिलीत. थोडी कायद्याची भर घालतो.

१९७१ च्या जनगणनेवर आधारलेली रचना १९७६ च्या आदेशाने लागू झाली. त्यानंतर ४२ व्या घटनादुरुस्तीने जागा गोठवल्या. कुटुंब नियोजन नीट राबवणाऱ्या राज्यांच्या जागा कमी होऊ नयेत, हा हेतू. त्यामुळे १९७७ पासून २००४ पर्यंत तीच चौकट चालली. मधल्या काळात शहरं फुगली, उजनी धरणाचं पाणी आलं, उसाचे कारखाने उभे राहिले, माणसं मुंबई-पुण्याला गेली. चौकट तीच. मग २००२ चा परिसीमन कायदा, त्याखाली नेमलेल्या परिसीमन आयोगाचे अध्यक्ष न्यायमूर्ती कुलदीप सिंग. २००३ च्या ८७ व्या दुरुस्तीने २००१ ची जनगणना आधाराला घेतली. राज्यांच्या एकूण जागा बदलल्या नाहीत, आतल्या रेघा बदलल्या. १९ फेब्रुवारी २००८ ला नवी रचना लागू झाली.

त्या फेरीत महाराष्ट्राच्या लोकसभा यादीतून बरीच जुनी नावं गेली : राजापूर, कुलाबा, खेड, कराड, इचलकरंजी, कोपरगाव, एरंडोल, मालेगाव, डहाणू, पंढरपूर. नवी आली : माढा, मावळ, शिरूर, शिर्डी, हातकणंगले, दिंडोरी, पालघर, रावेर. तुमचं सहाचं गणित हातकणंगल्यालाही लागू होतं. कोल्हापूर जिल्ह्यात दहा, सांगलीत आठ. दोघांच्या सहा-सहा वजा केल्या तर चार आणि दोन उरतात. माढ्यासारखंच हुबेहूब.

---

करमाळा_ते_कल्याण

पण हे सगळं गणित असेल तर २००९ ला शरद पवार बारामती सोडून माढ्यातच कसे आले? त्यांच्यासाठीच हा मतदारसंघ केला असं आमच्याकडे सर्रास बोललं जातं.

---

सांख्यिकी

बोललं जातं हे खरं. पण क्रम बघा. आयोग नेमला २००२ च्या कायद्याने, जनगणना २००१ ची, आदेश २००८ चा. बारामती सुप्रिया सुळेंना देऊन पवारांनी माढ्यात उभं राहायचं ठरवलं ते २००९ च्या निवडणुकीसाठी. भाजपचे सुभाष देशमुख समोर होते. पवारांचं मताधिक्य तीन लाखांवर गेलं. महादेव जानकरही उभे होते, त्यांनी लाखाच्या घरात मतं घेतली. मतदारसंघ आधी तयार झाला, पवार नंतर आले.

आयोगाला मदत करायला प्रत्येक राज्यातून दहा सहयोगी सदस्य असतात, पाच खासदार आणि पाच आमदार. त्यांना मताचा अधिकार नसतो, म्हणणं मांडता येतं. मसुदा प्रसिद्ध होतो, हरकती घेतल्या जातात, जाहीर सुनावणी होते. म्हणजे पुढाऱ्यांचा आवाज अजिबात नव्हता असंही नाही.

---

भीमाकाठ

हेच मला म्हणायचं होतं. चार अधिक दोन हा आकडा गणिताने ठरला. पण अकरापैकी नेमके कोणते चार उरवायचे, हे गणित सांगत नाही. पंढरपूर माढ्याकडे ठेवून मोहोळ किंवा दुसरं काही इकडेतिकडे करता आलं असतं का? बेचाळीस गावं तालुक्याबाहेर काढल्याशिवाय आकडा जुळलाच नसता का? कायद्यात निकष आहेत : सलग भूभाग, नैसर्गिक रचना, प्रशासकीय हद्दी, दळणवळण, लोकांची सोय. आमच्या गावाला माढ्याला जायला थेट एसटी नव्हती. सोयीचा निकष आमच्या वेळी कुठे गेला, एवढंच विचारायचंय.

मसुद्यावर हरकत घेता येते हे तेव्हा आमच्या गावात कुणालाच माहीत नव्हतं. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कागद लागला असता तरी कुणी वाचला असता, अर्ज केला असता.

---

अकलूजकर

अजून कुणी हा मुद्दा मांडला नाही म्हणून लिहितो. माढा लोकसभा सर्वसाधारण आहे, पण तिच्या सहापैकी दोन विधानसभा राखीव झाल्या : माळशिरस आणि फलटण. एकीकडे अकलूजचे मोहिते-पाटील, दुसरीकडे फलटणचे नाईक-निंबाळकर. दोन्ही घराण्यांना आपापल्या घरच्या विधानसभेत उभं राहता येईना. विजयदादा, म्हणजे विजयसिंह मोहिते-पाटील, राज्याचे माजी उपमुख्यमंत्री, २००९ ला विधानसभेसाठी पंढरपूरला गेले आणि भारत भालकेंकडून हरले. फलटणचे रामराजे नाईक-निंबाळकर विधान परिषदेवर गेले आणि पुढे सभापती झाले.

म्हणून माढा लोकसभेला इतकी धार आली. २०१४ ला विजयदादा सदाभाऊ खोतांसमोर जेमतेम पंचवीस हजारांनी निवडून आले, देशभर मोदी लाट असताना. २०१९ ला फलटणचे रणजितसिंह नाईक-निंबाळकर भाजपकडून निवडून आले, मताधिक्य पंच्याऐंशी हजारांच्या आसपास. त्यांचे वडील हिंदुराव १९९६ ला साताऱ्याचे खासदार होते, शिवसेनेचे. २०२४ ला धैर्यशील मोहिते-पाटलांनी ऐन निवडणुकीत भाजप सोडला, शरद पवारांच्या पक्षाची तुतारी घेतली आणि एक लाख वीस हजारांनी रणजितसिंहांना हरवलं. चार निवडणुकांत चार वेगळे खासदार. राखीव जागांच्या रेघांमुळे ही दोन घराणी एकाच आखाड्यात आली, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि राखीव झाल्याने आमच्या तालुक्याचं नुकसान झालं असं मी मुळीच म्हणणार नाही. ज्या समाजाला इथे कधी तिकीट मिळालं नसतं, त्यातले आमदार झाले. ते व्हायलाच हवं होतं.

---

नीरेकाठ

फलटणचा आहे. माणदेशींशी अर्धा सहमत.

माणगंगेचा दाखला दिलात, तसा नीरेचा उजवा कालवाही बघा. वीर धरणातून निघतो, खंडाळा, फलटण, माळशिरस करत पुढे पंढरपूर-सांगोल्याच्या दिशेने पाणी नेतो. आमचं पाणी आणि माळशिरसचं पाणी एका चारीचं. डावा कालवा मात्र बारामती-इंदापूरला. या दोन कालव्यांच्या वाटणीवरून पिढ्यान् पिढ्या वाद आहे. २०१९ ला निकालानंतर लगेच, जून महिन्यात, बारामतीकडे जाणारं जादा पाणी बंद करण्याचा निर्णय सरकारने घेतला, तेव्हा इथले लोक रस्त्यावर येऊन गुलाल उधळत होते. फलटण आणि माळशिरस एका खासदाराकडे आहेत म्हणून त्या मागणीला जोर आला. साताऱ्यात राहिलो असतो तर कृष्णा-कोयनेच्या प्रश्नांत आमची नीरा मागे पडली असती.

रेल्वेचंही तसंच. लोणंद-फलटण गाडी २०१९ मध्ये सुरू झाली. फलटण-पंढरपूर मार्गाची मागणी जुनी आहे. तो मार्ग झाला तर मतदारसंघाचं एक टोक दुसऱ्याच्या जवळ येईल.

---

माणदेशी

नीरेकाठ, तुमच्याकडे कालवा आहे म्हणून तुम्हाला मतदारसंघ जवळचा वाटतो. आम्ही वरच्या अंगाला, पर्जन्यछायेत. उजनी आमच्या खाली, नीरा आमच्या डोंगरापलीकडे. माढा-अकलूजच्या सभेत उसाच्या दराची चर्चा होते, आमच्याकडे मेंढरांच्या चाऱ्याची आणि पिण्याच्या पाण्याची. एका खासदाराच्या पदरात ओला भाग आणि कोरडा भाग दोन्ही आले की ज्याच्याकडे कारखाने आहेत त्याचा आवाज आधी ऐकू जातो. सहापैकी चार मतदारसंघ सोलापूरचे, दोन आमचे. मतांचं वजनही तिकडेच.

कृष्णेचं पाणी भीमा खोऱ्यात आणायच्या कृष्णा-भीमा स्थिरीकरण योजनेचं विजयदादांनी वर्षानुवर्षं बोलून दाखवलं. त्याचं पाणी आमच्या बांधावर आलं की मी हे शब्द मागे घेईन.

---

चंद्रभागा

मी पंढरपूर शहरातली. आमची बाजू कुणी लिहिली नाही.

आम्ही सोलापूर लोकसभेत आहोत, आणि तिथे निम्मी विधानसभा क्षेत्रं शहराची किंवा शहरालगतची. प्रचारात विडी कामगार, यंत्रमाग, विमानसेवा यांवर बोललं जातं. पंढरपूरविषयी बोलणं होतं ते आषाढी-कार्तिकीपुरतं. तालुक्यातली बेचाळीस गावं माढ्यात असल्यामुळे तालुक्याचा म्हणून एक आवाज राहिलेला नाही. तालुक्याच्या एखाद्या रस्त्यासाठी दोन खासदार आणि चार आमदार यांच्याकडे जावं लागतं. महिला मंडळातर्फे आम्ही एका पुलासाठी निवेदनं दिली. प्रत्येकाने आपुलकीने घेतलं, आणि प्रत्येकाने सांगितलं, तो भाग माझ्याकडे येत नाही.

---

जुना_शिक्षक

चंद्रभागा, तुमचं निवेदन वाचून एक जुनी गोष्ट आठवली. एकोणिसाव्या शतकात सांगोला आणि माळशिरस हे साताऱ्याच्याच कारभाराखाली होते, पुढे ते सोलापूरला जोडले गेले. फलटण तर १९४८ पर्यंत वेगळं संस्थान. इथल्या रेघा इंग्रजांनी हलवल्या, विलीनीकरणाने हलवल्या, आयोगांनी हलवल्या. सांगोल्यातून गणपतराव देशमुख अकरा वेळा आमदार झाले, वरची लोकसभा पंढरपूर असो की माढा. लोकसभेची रेघ बदलली तरी माणूस नि मतदार यांचं नातं टिकू शकतं, याचं त्यांच्याइतकं ठळक उदाहरण मला तरी माहीत नाही.

---

करमाळा_ते_कल्याण

पुढची फेररचना कधी? तेव्हा बेचाळीस गावं परत येऊ शकतात का?

---

सांख्यिकी

२००१ च्या ८४ व्या दुरुस्तीनुसार जागांची संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवलेली आहे. महिला आरक्षणाची २०२३ ची १०६ वी दुरुस्तीही जनगणना आणि परिसीमन यांच्याशीच जोडलेली आहे. एकूण जागा बदलल्या तर सहाचं गणितही बदलेल आणि माढ्यासारख्या मतदारसंघाची सगळी मांडणी नव्याने होऊ शकते. आदेश एकदा प्रसिद्ध झाला की घटनेच्या कलम ३२९ मुळे त्याला कोर्टात आव्हान देणं फार अवघड. म्हणून जे सांगायचं ते मसुद्याच्या टप्प्यावर, लेखी, नकाशासकट सांगावं लागेल.

---

भीमाकाठ

सगळ्यांचे आभार. मी आमच्या बेचाळीस गावांची यादी करायला घेतलीय. प्रत्येक गावापुढे तीन गोष्टी : तहसील कुठली, बाजार कुठला, आणि माढ्याला थेट एसटी आहे की नाही. सोळा गावं झाली. चंद्रभागा ताई, तुमच्या पुलाच्या दोन्ही बाजूंची गावं कोणत्या मतदारसंघात येतात तेवढं कळवा, त्याच वहीत लिहून ठेवतो. माणदेशी, तुमच्या भागाचा असाच तक्ता तुम्ही केलात तर दोन्ही एकत्र लावू.

---

माणदेशी

करतो. म्हसवडपासून सुरुवात करतो, रविवारी बाजाराला गेलो की विचारून घेईन.

---

चंद्रभागा

पुलाच्या अलीकडचं गाव पंढरपूर-मंगळवेढ्यात, पलीकडचं माढ्यात. मधल्या पात्राला वाली नाही. लिहून घ्या.